महजूबा गॅलरी

बहीजा खाला रोज सकाळी सुरईला धूर द्यायची. निखाऱ्यावर मस्तकीच्या सुगंधी डिंकाचे दोन-तीन खडे टाकायचे, मातीची सुरई त्यावर पालथी धरायची आणि आतला धूर निसटायच्या आत ती सरळ करून पाण्याने भरायची. मग ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. खिडकी वीतभरच उघडी. त्याहून जास्त नाही, कारण समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या ताटात काय वाढलंय ते आम्हाला दिसायचं, म्हणजे आमच्या ताटातलं त्यांना. "वारा लागला की पाणी गार होतं," खाला म्हणायची. जेद्दाच्या त्या अरुंद गल्लीत वारा कुठून येत होता ते तिलाच ठाऊक. तिच्या पाठीमागे फ्रिज घरघरत असायचा, त्याच्याकडे ती बघायचीही नाही.

खाला म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. एकाच इमारतीत आम्ही वरच्या मजल्यावर, ती खालच्या. मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर शिवणकाम शिकवलं. आमच्या भागातल्या निम्म्या बायकांना काजं करायला तिनेच शिकवलं असेल. तिचे यजमान, अदनानकाका, पाण्याला फार भ्यायचे. किनाऱ्यावर उकडलेल्या छोल्यांची बलीला खायला गेलो तरी ते समुद्राकडे पाठ करूनच खात. ते गेले, मुलं नोकरीसाठी रियाधला आणि दम्मामला गेली, आणि खाला एकटी राहिली.

तिच्या फ्लॅटला गॅलरी होती. पण घर घेतलं त्याच वर्षी पत्रे ठोकून ती बंद केली होती, सगळेच करतात तशी. आत वॉशिंग मशीन, गॅसची टाकी आणि रमजानात लागणारी मोठी पातेली.

खाला जन्मली ती मात्र जुन्या शहरात, बलदमध्ये. तिथल्या घरांना रोशन असतात. भिंतीतून बाहेर आलेली लाकडी बैठक, वर छप्पर, तिन्ही बाजूंना जाळी. आतून सगळं दिसतं, बाहेरून काही नाही. तेव्हा समुद्र जवळ होता, भराव नंतर पडले. दुपारी केस धुतले की घरातल्या मुली रोशनमध्ये येऊन बसायच्या, शेजारी वाऱ्याला सुरया मांडलेल्या, आणि समोर हाजींची जहाजं बंदराला लागायची. या सगळ्याबद्दल खाला फारसं बोलत नसे. "जहाज लागेपर्यंत केस वाळायचे," एवढंच. आता ती पंख्याखाली केस वाळवायची, आणि कधीतरी तंद्रीत म्हणायची, "पंख्याच्या वाऱ्याला वास नसतो."

तिच्या मुलांनी तिला सहल भेट दिली. जेद्दाहून निघून लाल समुद्रात फिरून परत. तिच्याबरोबर माझी आई सलवा आणि मी. "खोली तुझी तू निवड, आई," मुलं म्हणाली. ऐकून खाला हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना चढून आमच्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "जहाजावर गॅलऱ्या असतात म्हणे."

खोली निवडायला आम्ही आमच्या बैठकीत बसलो. मध्ये पुदिन्याचा चहा, माझ्या मांडीवर लॅपटॉप, आणि फोनवर सहलीच्या कचेरीतला सुफ्यान. फोनचा स्पीकर चालू होता.

"खाला, आतली खोली घ्या," सुफ्यान म्हणाला. "शांत असते. झोप काय लागते म्हणून सांगू!"

"झोपायला माझ्याकडे पलंग आहे, लेकरा."

"मग खिडकीची घ्या."

"उघडते?"

"नाही, जहाजाच्या खिडक्या उघडत नाहीत."

"मग ती खिडकी कसली? भिंतीवरचं चित्र झालं."

आई तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मी गॅलरीच्या खोल्यांचं पान उघडलं. जहाजाचा आडवा फोटो होता. गॅलऱ्या एकावर एक, कपाटाचे खण ओढून ठेवावेत तशा. खालाने चष्मा लावला आणि पडद्यावर बोट टेकवलं.

"सुफ्यान, माझ्या गॅलरीच्या वर कोण?"

"म्हणजे?"

"वर जो राहील तो वाकून खाली बघू शकतो का?"

"खाला, जहाजावर कोण कुणाकडे बघतंय?"

"सगळेच बघणार. दुसरं काम काय असतं तिथे?"

 सुफ्यानने मग समजावून सांगितलं. मागच्या टोकाच्या गॅलऱ्या पायऱ्यांसारख्या आहेत, त्यांच्यावर छप्पर नाही. मधल्यांवर आहे, पण त्या आधीच गेल्या आहेत. खालाचं बोट फोटोवरून खाली घसरलं. खाली खोल्यांचे प्रकार लिहिले होते. तिथे ती थांबली.

"हे बघ, हे बघ! वाच, लुजैन."

मी वाचलं. "खासगी गॅलरी, महजूबा."

हिजाब ज्या मुळातून येतो त्यातूनच महजूबा. झाकलेली, आडोशाची. हिजाब घेणाऱ्या बाईलाही आम्ही महजूबाच म्हणतो. मलाही तो शब्द वाचून दुसरं काही सुचलं नाही. खालाचा चेहरा तर असा उजळला की आईने चहाचा पेला खाली ठेवला.

"आमच्यासारखींचा विचार केलाय त्यांनी," खाला म्हणाली. "महजूबा बाईसाठी महजूबा गॅलरी. सुफ्यान, हीच."

"खाला, ते महजूबा म्हणजे तसं नाहीये."

"आडोसा आहे की नाही?"

"आडोसा आहे, पण..."

"वर छप्पर?"

"छप्परही आहे. पण समोर..."

"समोर समुद्र आहे, लेकरा. जहाजाच्या समोर दुसरं काय असणार, भाजी बाजार? महजूबा लिही."

"लिहिलं, खाला." त्याने उसासा टाकला. "मी सांगत होतो, एवढं लक्षात असू द्या."

"काय सांगत होतास?"

"काही नाही. सुखरूप जा."

फोन ठेवल्यावर आईने तिला छेडलं. "अगं बहीजा, साठी कधीच उलटली तुझी. या वयाला धर्मानेही सूट दिलीय. तुझ्या पांढऱ्या केसांकडे कोण बघत बसणार आहे?"

खालाने चष्मा काढून मिटला. "कुणी बघितलं तर काय होईल, हा प्रश्नच नाही, सलवा. कुणी बघेल असं मनात राहिलं, की केस सोडले तरी बांधलेलेच राहतात."

 आईने खालाच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

मग तयारी सुरू झाली. खालाने मामूल, म्हणजे खजूर भरलेली बिस्किटं, भाजली. बोरीच्या पाल्याची पूड दळून डब्यात भरली, केस धुवायला. त्या आठवड्यात तिने केस धुतलेच नाहीत. "तिथेच धुवेन," म्हणाली. सुरई तिने टॉवेलात गुंडाळली आणि बंदरापर्यंत मांडीवर घेऊन बसली. सामान तपासणाऱ्या पोराने विचारलं, "खाला, यात काय आहे?"

"अजून काही नाही," ती म्हणाली.

जहाजावरच्या लांबलचक बोळातून आम्ही खोलीपर्यंत पोचलो. पडदा ओढलेला होता. खालाने बॅग ठेवली, चपला काढल्या, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि दोन्ही हातांनी पडदा सारला.

समोर नारिंगी रंग होता. फक्त नारिंगी. गॅलरीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक अजस्र होडी लटकत होती, संकटाच्या वेळी माणसं उतरवायची. तिच्या पाठीवर निळ्या कपड्यातला एक माणूस बसून ब्रशने वंगण लावत होता. त्याने मान वर केली. खाला आणि तो, मध्ये जेवणाच्या ताटाएवढं अंतर. तो बिचारा इतका गडबडला की ब्रशसकट हात छातीवर ठेवून त्याने मान खाली घातली.

"दमलास का रे, लेकरा?" खाला म्हणाली. मग तिने पडदा हळूच लावला आणि पलंगाच्या कडेवर बसली.

 आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे.

"लुजैन," खाला म्हणाली, "हिजाब त्यांनी मला नाही घातला. समुद्राला घातलाय."

आईला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि खालाही हसली. पण तिचा हात सुरईच्या मानेवरून हलला नव्हता, आणि टॉवेल तिने सोडला नव्हता.

आम्ही स्वागतकक्षात गेलो. तिथली मुलगी जेद्दाचीच होती, जूद नावाची. तिने सगळं ऐकून घेतलं. "खाला, महजूबा म्हणजे समोरचं दृश्य झाकलेलं. होडीमुळे."

"मग 'समोर होडी आहे' असं सरळ लिहा ना! शब्दाला कशाला बुरखा?"

जूदने ओठ दाबून हसू गिळलं. "तुमचं खरंय. पण जहाज भरलंय, खाला. मागच्या टोकाला एकच खोली उरलीय. बघून येता का?"

आम्ही बघायला गेलो. दार उघडलं आणि आईच्या तोंडून "या अल्लाह" निघालं. समुद्र अख्खा होता. बंदराच्या भिंतीपलीकडे पसरलेला, दुपारच्या उन्हाने पांढरा झालेला, मध्ये काहीही नाही. खाला पुढे जाऊन कठडा धरून उभी राहिली. वारा जोरात होता. तिने हनुवटीखाली रुमाल मुठीत पकडला होता.

मग वरून पॉपकॉर्न पडले.

आम्ही वर पाहिलं. गॅलऱ्यांच्या ओळीच्या ओळी मागे सरकत वर चढल्या होत्या, नाटकाच्या थिएटरात असतात तशा, आणि रंगमंचावर आम्ही. बनियनमधला एक माणूस फोनवर बोलत होता. एक आजीबाई हात हलवत होत्या. पॉपकॉर्नचा मालक, सहा-सात वर्षांचा, ओरडला, "खाला, तुम्ही कुठल्या?"

"जेद्दाच्या!" खाला वर बघून ओरडली. मग तिने पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. रुमाल मुठीतच होता.

"घेऊन टाक, बहीजा," आई हळूच म्हणाली. "निदान समुद्र तरी आहे."

"हो. समुद्र आहे," खाला म्हणाली. कापड आवडलंय पण पन्हा कमी पडतोय, अशा वेळी दुकानात ती याच आवाजात बोलायची, आणि तरी कापड घ्यायची. तेवढ्यातच बसवू, म्हणायची. मला तो आवाज ऐकवेना.

तर ती खोली घेतो, असं सांगायला आम्ही परत आलो. जूदसमोर एक तरुण बाई उभी होती. तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर एक पोरगा, त्याच चेहऱ्याचा दुसरा टेबलाच्या कडेला लोंबकळत होता. बाईचा आवाज रडवेला झाला होता.

"मला आतली खोली द्या. भिंतींची. खिडकीसुद्धा नको. हा पोरगा आल्या आल्या खुर्ची ओढून कठड्यावर चढला! "

"आतल्या खोल्या भरल्यात, ताई," जूद म्हणाली.

"मग मी बोळात झोपते. पण त्या गॅलरीत मी या दोघांना ठेवणार नाही."

खालाने पर्समधून मामूलचा डबा काढला आणि लोंबकळणाऱ्या पोरापुढे धरला. तो टेबलावरून उतरला. "कुठली गं तू?"

"ताइफची, खाला. अबरार."

"डोंगरातली माणसं! समुद्रावर कशाला आलात?"

"यांची हौस." अबरारने हनुवटीने नवऱ्याकडे दाखवलं. नवरा छताकडे बघू लागला.

"तुमच्या गॅलरीच्या वर कोण आहे?" खालाने विचारलं.

अबरार गोंधळली. "वर? वर कोण असणार? छप्पर आहे. नुसतं वर छप्पर, दोन्हीकडे भिंती, आणि समोर पाणी, पाणी, पाणी. मला तर बघूनच गरगरतं."

खालाने तिचा हात धरला. तिचा आवाज एकदम खाली आला, शाळेत मुलींना गुपित सांगावं तसा. "माझ्याकडे चल. माझ्याकडे पाणी अजिबात दिसत नाही."

सगळी वरात आमच्या खोलीकडे निघाली. खालाने पडदा सारला. नारिंगी होडी जागच्या जागी होती, निळ्या कपड्यातला माणूसही. अबरारने ती भिंतीसारखी होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि भिंतीला टेकून म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह."

"होडी! होडी!" दोन्ही पोरं काचेला चिकटली. होडीवरच्या माणसाने ब्रश हलवला.

"हा माणूस मात्र अधूनमधून असतो," खाला प्रामाणिकपणे म्हणाली.

"असू दे, खाला. पोरांना तेवढीच सोबत."

"आणि पडलेच तर होडीतच पडतील," नवरा म्हणाला. तो पहिल्यांदाच बोलला होता. अबरारने त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूटपणे दाराची वरची कडी तपासू लागला.

पण अदलाबदल जूदच्या हातात नव्हती. वरच्या साहेबांना विचारावं लागणार होतं. ती आत गेली आणि आम्ही बाहेरच्या सोफ्यावर रांगेने बसलो. डबा रिकामा झाला. खाला आणि अबरार एकमेकींशेजारी, दोघींचे हात मांडीवर, दोघी त्याच दाराकडे बघत. "नाही म्हणतील का हो?" अबरारने विचारलं. खालाने तिच्या गुडघ्यावर थोपटलं. 

जूद बाहेर आली. "दोन्ही कुटुंबं राजी असतील तर हरकत नाही, म्हणालेत."

"राजी?" अबरार उठून उभीच राहिली. "अगं, राजी काय म्हणतेस!" आणि तिने आधी खालाला मिठी मारली, मग आईला, मग मला. जूदलाही टेबलापलीकडून ओढलं. खालाने डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. त्या दिवसातला तिचा पहिला पुरा श्वास असावा.

नव्या खोलीत ती रुमालासकटच गॅलरीत गेली. वर पाहिलं, पांढरं छप्पर. डावीकडची आडभिंत कठड्यापर्यंत होती, पण खोलीच्या भिंतीच्या आणि आडभिंतीच्या मध्ये बोटभर फट होती. खालाने नमाजाची चादर काढली, शिवणाच्या डबीतल्या सेफ्टी पिना काढल्या आणि ती फट बुजवली. उजवीकडे तीच तऱ्हा. वाकून कठड्याबाहेर बघितलं. खाली फक्त पाणी.

"पास झाली," ती म्हणाली, आणि बोरीच्या पुडीचा डबा घेऊन न्हाणीघरात गेली.

ती बाहेर आली तेव्हा जहाज सुटलं होतं. बंदराच्या क्रेन मागे सरकत होत्या. मगरिबला, सूर्यास्ताच्या नमाजाला, अजून वेळ होता, ऊन पाण्यावर तिरपं झालं होतं. खालाने पलंगावरची उशी उचलली, गॅलरीत जमिनीवर टाकली आणि खाली बसली. तिथल्या खुर्च्यांकडे तिने पाहिलंही नाही. ओले केस पाठीवरून उशीवर आले. मी तिचे केस घरात किती वेळा पाहिले असतील. उघड्यावर कधीच नाही. वाऱ्याने ते आधी जड जड हलले, मग एकेक बट सुटी होऊ लागली.

मी सुरई बाहेर आणली. घरून निघताना तिने दिलेल्या मस्तकीच्या धुराचा वास अजून आत होता. पाणी भरून मी ती कठड्याजवळ वाऱ्याला ठेवली.

"बलद कुठे गं?" खालाने विचारलं.

उंच इमारतींच्या रांगेत मी बोटाने अंदाजे दाखवलं. तिथून काही वेगळं दिसत नव्हतं. ती बराच वेळ त्या दिशेला बघत राहिली. किनाऱ्यावरून कुणी इकडे पाहत असेल तर त्यांना नुसतं जहाज दिसत असेल.

आई दारात उभी होती. तिने एकदा वर पाहिलं, एकदा पिना लावलेल्या चादरीकडे. मग मानेमागे हात नेऊन स्वतःचा रुमाल सोडला आणि बहिणीशेजारी येऊन बसली.  खालाने मान उचलून वारा हुंगला, स्वयंपाकघरात कालवणाचा वास घ्यावा तसा.

"याला वास आहे," ती म्हणाली.

शहर पुसट होत गेलं. सुरईचं पोट बाहेरून ओलं झालं. खालाने हात लावून पाहिलं, तोंड न लावता वरूनच पाणी प्यायली, मग आईला दिली, मग मला. पाणी गार होतं. तिने केसांतून बोटं फिरवली. टोकापर्यंत वाळले होते. मग ती उशीवर आडवी झाली, केस तसेच सोडून, आणि डोळे मिटले. झोप लागली असं वाटलं म्हणून मी हळूच उठले.

"पाण्यावर झाकण ठेव गं, पोरी," खाला म्हणाली.